हौदाची मागणी

फेब्रुवारी सरत आला की मला वर्तमानपत्रातून फोन येतो. महापालिकेचं अंदाजपत्रक सादर झालेलं असतं आणि वार्ताहराला तज्ज्ञांची प्रतिक्रिया हवी असते, दोन ओळींची, सोबत फोटो. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, एवढीच माझी तज्ज्ञता. शहरात खरे तज्ज्ञ भरपूर आहेत, पण ते दुपारचा फोन उचलत नाहीत. मी उचलते, म्हणून मी तज्ज्ञ.

या निमित्तानं अंदाजपत्रकाची भाषा मला पाठ झाली आहे. शहराच्या अर्थव्यवस्थेला चालना, पर्यटनवाढीचं उद्दिष्ट, उत्पन्नाचे नवे स्रोत, भरीव तरतूद. तरतूद कधी नुसती नसते, ती भरीवच असते. वर्गात मी मुलांना सांगते की अंदाजपत्रक म्हणजे फार अवघड काही नाही. घर चालवणारी बाई जे रोज डोक्यात करते तेच. कशाला आधी, कशाला मागनं आणि कशाला यंदा नाही. मुलं ते वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवतात. त्यातलं तिसरं मला स्वतःला नीट कळलं ते आमच्या गोठ्यातल्या म्हशी गेल्या त्या वर्षी.

आम्ही गवळी. कोल्हापूरच्या जुन्या पेठेत घर, घराच्या पाठीमागं गोठा आणि गोठ्यापलीकडं बोळ. मी एम.ए. झाले, नोकरीला लागले, तरी साडीला शेणाचा वास येतो की काय ही धाकधूक कॉलेजच्या पायरीवर रोज असायचीच. स्टाफरूममध्ये कुणी म्हणायचं, ‘‘मॅडम, तुमच्या चहाला आमच्या चहाची सर नाही, तुमचा फारच दाट.’’ मी हसायचे. मनातून म्हणायचे, पिशवीतलं पाणी पिऊन वाढलेली माणसं तुम्ही, तुम्हाला काय कळणार.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी आणि वडील. वडिलांना मीच काय, सगळी पेठ आबा म्हणते. आबांनी सत्तरी ओलांडली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी संध्याकाळी कट्टा चुकला नाही. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. आमच्याकडं संध्याकाळी म्हशी चौकात आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढतात. पेल्यात वरपर्यंत फेस, दूध अजून कोमट. तालमीतली पोरं येतात, दवाखान्यातून सुटलेला पेशंट येतो, बायकोशी भांडून आलेला एखादा नुसताच येऊन उभा राहतो. तिथं आबा राजे होते. पाण्याचा थेंब घातला नाही हे सगळ्यांना दिसायचं आणि आबांना ते दिसलेलं आवडायचं.

त्याहून मोठा राजेपणा दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी गवळ्यांच्या म्हशी सजून निघतात. अंगावरचे केस कापून नक्षी, शिंगांना रंग, शिंगांच्या टोकाला मोरपिसं, गळ्यात गोंडे आणि घुंगरं. मालक पुढं, म्हैस मागं. दावं नाही, काठी नाही. मालकानं नाव घेऊन हाक मारायची आणि गर्दी, हलगी, सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकली या सगळ्यातनं म्हशीनं त्याच्यामागं पळत यायचं. जी हाकेला खरी तिचा मालक मोठा. यात पेठापेठांत अशी चुरस की लग्नाचं आमंत्रण असलं तरी पाडव्याचा विषय जेवणाच्या पंक्तीत काढायचा नाही, हे ठरलेलं.

आमच्या चार म्हशींत एक होती जिची हाक सगळ्या शहराला ठाऊक होती. तिची आई आमच्या गोठ्यात, आजी आमच्या गोठ्यात. आबा तोंडापुढं हात न धरता, अगदी घरातल्या माणसाला बोलवावं तशा आवाजात तिचं नाव घ्यायचे आणि ती कुठूनही यायची. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते शेवटी येईलच.

पेठेच्या मागं एक जुनी खण होती. कोणे एके काळी तिथला दगड काढून घरं बांधली आणि खड्ड्यात पाणी साठलं ते साठलं. उन्हाळ्यातसुद्धा ते आटत नसे. दुपारी म्हशी तिथं डुंबायच्या, वर नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं. म्हशीला घाम फारसा सुटत नाही, कातडं काळं. चैत्र-वैशाखात तिला पाणी लागतंच. पाणी मिळालं नाही तर ती धापा टाकते, वैरण सोडते, दूध आटतं. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. वाईट एवढंच की त्या खणीचं पाणी लोकांनी घाण केलं. गणपती, निर्माल्य, प्लॅस्टिक, गाड्या धुणं, आणि म्हशीही होत्याच, ते मी नाकारत नाही. मग एका वर्षीच्या अंदाजपत्रकात तिचं सुशोभीकरण आलं. चालायला ट्रॅक, रंगीत कारंजं, काठावर खाऊगल्ली. भरीव तरतूद. मी फोनवर ‘स्तुत्य’ म्हणाले होते. खोटं कशाला बोलू, त्या घाणीचा वास मलाही नको होता.

काम चांगलं झालं. गाळ निघाला, काठ बांधले, दिवे लागले. आणि चारी बाजूंनी माणसाच्या छातीएवढं कुंपण आलं. जनावरांना आत मनाई. मनाई बरोबरच होती. त्या स्वच्छ केलेल्या पाण्यात पुन्हा म्हशी सोडा असं कुठला शहाणा माणूस म्हणेल? पण म्हशींचं काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. येणार कसा? तो आमच्याच डोक्यात आला नव्हता. कुंपण पूर्ण होईपर्यंत सगळे गवळी काठावर उभे राहून काम बघत होते आणि ‘लई भारी हुतंय’ म्हणत होते.

पहिल्या उन्हाळ्यात आबांनी नळी लावून म्हशी धुतल्या. नळाला पाणी ठरल्या वेळी, तेही बारीक. शेजारच्या काकू गच्चीवरनं ओरडायच्या, ‘‘आमच्या हंड्यात थेंब न्हाय आणि तुमच्या म्हशीस्नी शॉवर!’’ त्यांचंही चूक नव्हतं. मग आबा म्हशी पंचगंगेवर न्यायला लागले. भर दुपारी, सिग्नलमधनं, मोठा रस्ता ओलांडून. गाड्यावाले हॉर्न मारायचे, कुणी खिडकीतनं मोबाइल काढून शूटिंग करायचं. नदीवरनं परत येईपर्यंत म्हशी वाळलेल्या आणि आबा घामानं भिजलेले. रात्री मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायचे. ते म्हणायचे, ‘‘एक हौद पायजे बग. खणीच्या बाजूला ती मोकळी जागा हाय न्हवं, तिथं एक उतरता हौद केला की झालं. लई मोठं काम न्हाय.’’

खरंच मोठं काम नव्हतं. म्हणून तर मला आशा वाटली.

त्या हिवाळ्यात महापालिकेनं अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या. निवडून आलेले नगरसेवक त्या वेळी नव्हते, कारभार प्रशासकांकडं होता, त्यामुळं भागाभागांत बैठका ठेवल्या होत्या. आमच्या भागाची बैठक शाळेच्या हॉलमध्ये होती आणि विषयात चक्क ‘दुग्धव्यवसाय व पारंपरिक व्यवसायांना चालना’ असं लिहिलेलं होतं. मी आबांना म्हटलं, ‘‘आबा, हीच वेळ आहे. तुम्ही उठायचं आणि सांगायचं, आम्हाला जनावरांसाठी हौद पाहिजे. बाकी काही बोलायचं नाही.’’

‘‘त्यात काय अवघड हाय?’’ आबा म्हणाले आणि आरशासमोर टोपी नीट करत त्यांनी म्हणून दाखवलं. ‘‘सायेब, आमच्या म्हशीस्नी पाणी न्हाय. खणीजवळ हौद बांधून द्या.’’ इतकं नेमकं मी कॉलेजातही कुणाकडून ऐकलं नव्हतं. मी त्यांना चहा करून दिला आणि दोघं निघालो.

हॉलमध्ये आमच्या पेठेचे गवळी डावीकडं बसले होते आणि पलीकडच्या पेठेचे उजवीकडं. कुणी सांगितलं नव्हतं तरी मधे वाट मोकळी ठेवलेली. समोर टेबलाशी एक अधिकारी बाई. तरुण, कोल्हापूरच्या नव्हत्या, पण अदबीनं बोलणाऱ्या. कुणाचं म्हणणं तोडत नव्हत्या, सगळं लिहून घेत होत्या. गटारी, दिवे, कुत्री असे विषय संपले आणि त्यांनी विचारलं, ‘‘गवळी बांधवांच्या काही अडचणी असतील तर सांगा.’’

अडचणी! हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. त्यांना कसं कळणार बिचाऱ्यांना.

पलीकडच्या पेठेतले एक दांडगे गवळी उठले. पाडव्याला आबांची आणि यांचीच जुनी चुरस. मिशीवरनं हात फिरवत ते म्हणाले, ‘‘बाईसायेब, अडचण आमास्नी कसली? पाणी हाय, वैरण हाय, देवाची किरपा हाय. अडचण हाय ती त्या बाजूला इचारा.’’ आणि त्यांनी आमच्या बाजूला हात केला. उजवीकडं हशा पिकला.

वास्तविक त्यांच्या म्हशींचे हाल आमच्यापेक्षा वाईट होते. त्यांचा गोठा पत्र्याचा. त्यांच्या घरातली सून माझ्या वर्गातच शिकून गेलेली, तिनंच मला सांगितलं होतं की घरातले सगळे पाळीपाळीनं बादल्या ओततात.

आबा उठले. मी त्यांचा सदरा हळूच ओढला, हौद एवढंच, म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

‘‘आमच्याकडं काय कमी हाय म्हनून मागायचं?’’ आबांचा आवाज कट्ट्यावरचा होता, मोकळा. ‘‘आमी देनारी मानसं. सगळ्या शेराला दूध पाजलंय आमी. मागायचंच म्हनला तर मान मागतो. पाडव्याला आमच्या म्हशी निगत्यात, बगायला लांबनं लोक येत्यात. तिथं स्टेज न्हाय, मांडव न्हाय, मानाची ढाल न्हाय. ते करा. मग सगळ्यास्नी कळंल कुनाच्या म्हशी कशा हायत्या!’’

टाळ्या. शिट्ट्या. दोन्ही बाजूंनी. गेली कित्येक वर्षं एका गोष्टीवर एकमत न झालेल्या दोन पेठा त्या दिवशी एक झाल्या.

मला राग आवरेना. मी उभी राहिले आणि हौदाचं सगळं सांगितलं. कुंपण, उन्हाळा, नदीची वाट, आटणारं दूध. अधिकारी बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. म्हणाल्या, ‘‘हे महत्त्वाचं आहे. पण मागणी व्यावसायिकांची आहे का, तेवढी नोंद मला लागते. ज्या गवळ्यांना हौद हवा आहे त्यांनी कृपया हात वर करावेत.’’

डावीकडचे उजवीकडं बघत होते, उजवीकडचे डावीकडं. पहिला हात ज्या बाजूनं वर जाणार ती बाजू पाण्याला महाग ठरणार, हे सगळ्यांना कळत होतं. पाडव्यापर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं. एकानं डोकं खाजवायला हात उचलला तर शेजाऱ्यानं तो खाली ओढला. मी आबांकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली होते. रोज रात्री मी तेल लावत होते त्या गुडघ्यांच्या वर, मांड्यांखाली दाबून धरलेले हात.

‘‘कुणीच नाही?’’ बाईंनी विचारलं.

‘‘आमच्या म्हशी हौदात डुंबनाऱ्यातल्या न्हाईत, बाईसायेब,’’ आबा म्हणाले. ‘‘पोरगी शिकलेली हाय, तिला काय तरी वाटतंय. तुमी ढालीचं लिवा.’’

बाईंनी ढालीचं लिहिलं.

घरी दारात चपला काढताना मी म्हणाले, ‘‘आबा, म्हशींनी हात वर करायचे होते काय आता?’’ ते गोठ्यात निघून गेले. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, ‘‘त्याच्यासमोर मी पानी मागू व्हय? पानी?’’

अंदाजपत्रक आलं. पर्यटनातून आर्थिक विकास या उद्दिष्टाखाली म्हैस महोत्सवाला तरतूद होती, व्यासपीठ, रोषणाई आणि मानाच्या ढालीसह. हौद कुठंच नव्हता. नसणारच, मागितला कुणी होता? वार्ताहराचा फोन आला. मी म्हटलं, ‘‘महोत्सव करा, पण म्हशी जगायला पाणी लागतं, त्याची तरतूद आधी हवी होती.’’ दुसऱ्या दिवशी माझ्या फोटोखाली छापून आलं, ‘पारंपरिक व्यवसायाला महोत्सवाचं बळ.’ आबांनी तो कागद कापून कट्ट्यावर नेला आणि पेढे वाटले. पलीकडच्या पेठेतल्या त्या गवळ्यांनीही पेढा खाल्ला म्हणे, पण अर्धा.

मग उन्हाळा आला.

आबांच्यानं आता नदीपर्यंत चालवत नव्हतं. गडी ठेवला, तो पंधरवड्यात गेला. बोळातल्या बोअरला गढूळ पाणी यायचं, मग तेही थांबलं. म्हशी गोठ्यात उभ्या राहून तोंड उघडं टाकून श्वास घ्यायच्या. मी कॉलेजातून आले की बादल्या घेऊन ओतायचे. पाणी पाठीवर पडलं की त्या डोळे मिटायच्या, आणि पाणी वाळलं की पुन्हा तेच. संध्याकाळी सातआठ घरांपलीकडं दिसायचं ते खणीवरचं कारंजं, निळं, हिरवं, लाल. वारा आमच्या बाजूचा असला की तुषार बोळापर्यंत यायचे. म्हशी तिकडं माना वळवायच्या. मला तेव्हा सगळ्यांचीच चीड यायची आणि सगळ्यांत जास्त आबांची.

पहिली म्हैस मुरगूडच्या एका शेतकऱ्यानं नेली. तिच्या मागोमाग दोन गेल्या. दर वेळी आबा म्हणायचे, ‘‘उरलेल्यास्नी बास हुईल पाणी.’’ उरली ती, जिचं नाव मी लिहीत नाही. तिच्यासाठी आबांनी गोठ्यावर पोती ओली करून टाकली, स्वतः पंख्याखाली झोपायचं सोडून पंखा तिच्याकडं लावला. पण तिचं दूध तुटत चाललं आणि वैशाखाच्या शेवटी तिनं आंबोणाला तोंड लावायचं बंद केलं. डॉक्टर आले, म्हणाले, ‘‘आजार काही नाही, आबा. उष्णता. हिला पाण्यात बसवा.’’

आबा हसले. मला त्या हसण्याची भीती वाटली.

कुरुंदवाडकडचे एक गृहस्थ गडी घेऊन आले. नदीकाठचे, घरचं रान, म्हशीची हौस असलेले. त्यांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवला तो मालकासारखा नाही, पाहुण्यासारखा फिरवला, म्हणून आबांनी होकार दिला. टेम्पो बोळात लागला. फळी टाकली. पण ती चढेना. दोघांनी पुढनं ओढलं, मागनं ढकललं. तिनं खूर रोवले. नाकातनं आवाज काढत ती गोठ्याकडं मान वळवायची. गडी काठी शोधायला लागला तसं आबा ओरडले, ‘‘काठी लावायची न्हाय!’’

तेव्हा ते गृहस्थ अगदी नम्रपणे म्हणाले, ‘‘पावणं, मग जरा तुमीच हाक मारा की.’’

आबांनी टोपी नीट केली. मग गुडघ्यावर हात टेकत फळीवरनं टेम्पोत चढले, आतल्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. नेहमीच्याच आवाजात. ती पळत फळीवरनं चढली आणि त्यांच्या छातीला तोंड लावून उभी राहिली.

आबा टेम्पोच्या बाजूनं, फळ्यांवरनं पाय टाकून उतरले. मी हात दिला. गडी दावं बांधत होता. ते गृहस्थ म्हणाले, ‘‘काळजी करू नगा. दोन्ही टायम नदीला सोडतो. पाडव्याला सजवून तुमच्या कोल्हापुरात आणतो, तुमी बगाच.’’ आबा व्हय व्हय म्हणत होते. टेम्पो वळेपर्यंत ती आबांकडंच बघत होती, ते कधी वर येतात म्हणून.

त्यानंतर कट्टा बंद झाला. आबा संध्याकाळी नुसते चौकात जाऊन बसायचे. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, ‘‘आबा, म्हशी कुठायत?’’ ते म्हणायचे, ‘‘रानात सोडल्यात, पाण्याला.’’ खोटं नव्हतं म्हणा.

दिवाळीच्या आधी महोत्सवाचं निमंत्रण घरी आलं. मागणी करणारे ज्येष्ठ गवळी म्हणून व्यासपीठावर आबांचा सत्कार होता. मी म्हटलं, ‘‘जाऊ नका.’’ ते म्हणाले, ‘‘न जाऊन कसं चालंल? मीच मागितलंय की.’’ त्यांनी धोतर इस्त्रीला दिलं.

व्यासपीठ झकास होतं. रोषणाई, ध्वनिक्षेपक, खुर्च्यांना पांढरी कापडं. आबांना फेटा बांधला, शाल आणि मानाची ढाल दिली. निवेदक कुठून तरी आणलेला, मोठ्या आवाजाचा. ‘‘ज्यांच्या गोठ्यानं या शहराला दूध पाजलं’’ वगैरे सांगत होता. गोठा रिकामा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पेठेतल्या लोकांना ठाऊक होतं, पण ते माना खाली घालून टाळ्या वाजवत होते. पलीकडच्या पेठेतले ते दांडगे गवळी शेजारच्या खुर्चीत होते, त्यांनाही फेटा. त्यांच्याही दोनच म्हशी उरल्या होत्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्या दिवशी ते भांडण वाटत नव्हतं.

मिरवणूक सुरू झाली. शहरातल्या म्हशी मोजक्याच होत्या, जास्त गावाकडनं आलेल्या. आणि त्यांत कुरुंदवाडचे ते गृहस्थ शब्द पाळून आले. ती काय देखणी दिसत होती! अंगावर तकाकी, पाठ भरलेली, शिंगं लाल, त्यावर मोरपिसं. पाण्यानं तिला पुन्हा उभं केलं होतं. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी रडू आलं. ते गृहस्थ पुढं चालत तिला हाका मारत होते. नवं नाव ठेवलं असावं. ती येत होती, पण दाव्यानं.

व्यासपीठासमोर ती थांबली. वास आला असेल, किंवा काय. मान वर करून तिनं कान पुढं केले. ते गृहस्थ हाका मारत राहिले, गड्यानं दावं ओढलं, ती जागची हलेना. गर्दीत कुणी तरी ओळखलं आणि ओरडलं, ‘‘आबांची म्हस!’’ मग सगळेच ओरडायला लागले. निवेदकाला आयतं मिळालं. ‘‘आबा, एक हाक होऊन जाऊ दे!’’ म्हणत त्यानं माईक आबांच्या तोंडापुढं धरला. हलग्या थांबल्या. ते गृहस्थसुद्धा हात जोडून, हसून म्हणाले, ‘‘मारा की पावणं.’’

आबांनी माईक हातात घेतला. त्यांचे ओठ उघडलेले मला खालनं दिसले. ती वाट बघत होती. सगळा रस्ता वाट बघत होता. ज्या मानासाठी त्यांनी ते सगळं मागितलं होतं तो मान समोर उभा होता. एक शब्द, की ती गर्दी फोडून वर आली असती.

त्यांनी माईक निवेदकाच्या हातात परत दिला आणि फेट्याचं टोक तोंडावर घेतलं. थोड्या वेळानं तिनं मान खाली घातली आणि दाव्यामागं निघून गेली.

घरी येताना ढाल माझ्या हातात होती, जड होती. आबा बोळाच्या तोंडाशी थांबले. समोर गोठ्याचं दार उघडंच होतं. लावायचं काही कारण उरलं नव्हतं.

‘‘हाक मारली असती तर आली असती पोरी,’’ ते म्हणाले. ‘‘पयल्या हाकंला आली असती. आनि मग तिला मी कुठं नेऊ?’’

त्या टेम्पोतल्या हाकेनंतर त्यांनी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. म्हणून मीही ते इथं लिहिलं नाही.